हँडहेल्डवर स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ : आधी यंत्र, मग फाइल, बटणं सगळ्यात शेवटी

जुने गेम हातात धरून खेळायचं छोटं यंत्र, म्हणजे नवा हँडहेल्ड घेतला, कार्डात गेम टाकले, निन्टेन्डो आणि सेगाचं सगळं चाललं. स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरचा (कमोडोर ६४ हा तसाच दुसरा) गेम मात्र पहिल्याच पडद्यावर अडून बसतो. ए दाबा, बी दाबा, स्टार्ट दाबा, ढिम्म हलत नाही. मग लोक फाइल खराब आहे म्हणून दुसरी शोधतात, ती अडली की तिसरी. खरं तर फाइल ठीक असते. तो पडदा कळफलकावरच्या ‘०’ची वाट बघत असतो आणि हँडहेल्डवर ‘०’ कुठेच नसतं.

होम कॉम्प्युटरला कन्सोलसारखं वागवलं की हे असंच होतं. कन्सोलमध्ये यंत्र एकच आणि बटणं ठरलेली. इथे एकाच नावाखाली वेगवेगळी मॉडेलं, फायलींचे डझनभर प्रकार, जॉयस्टिकच्या चार-पाच पद्धती आणि शिवाय आख्खा कळफलक. म्हणून क्रम पाळायचा: यंत्र, फाइल, जॉयस्टिक, कळा, पडदा आणि सेव्ह. बटणांपासून सुरुवात केली तर प्रत्येक गेमला तीच झटापट पुन्हा करावी लागते.

खालचं सगळं रेट्रोआर्क (जुन्या यंत्रांची नक्कल करणारे इम्युलेटर एकत्र आणणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या, ६४० × ४८० पडद्याच्या स्वस्त हँडहेल्डसाठी आहे: मियू मिनी प्लस, अँबरनिक आरजी३५एक्सएक्स एच, आर३६एस आणि तत्सम. फर्मवेअरप्रमाणे (हँडहेल्डची मूळ सिस्टिम) मेनूची मांडणी थोडी बदलते, कोअरच्या (रेट्रोआर्कमधला एकेका यंत्राची नक्कल करणारा भाग) आतली नावं फारशी बदलत नाहीत. ज्यांना १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षण योजनेतला, शाळेत पाहिलेला बीबीसी मायक्रो हवा आहे त्यांनी तो लॅपटॉपवर चालवावा. त्याचा कोअर बहुतेक हँडहेल्डच्या तयार फर्मवेअरमध्ये येत नाही.

टप्पा १ : कार्ड आणि फोल्डर

१. हँडहेल्डसोबत आलेलं कार्ड कायमचं वापरू नका. नामांकित कंपनीचं नवं कार्ड घ्या आणि फर्मवेअर त्यावर नव्याने टाका. सोबतची बिननावाची कार्डं लवकर दगा देतात आणि त्यांच्याबरोबर सेव्हही जातात.

२. गेम ज्या फोल्डरमध्ये टाकायचे त्याचं नाव फर्मवेअरने ठरवलेलं असतं. तेच वापरा. ‘माझे स्पेक्ट्रम गेम’ असं स्वतःचं फोल्डर केलंत तर यादीत काहीच दिसणार नाही.

३. दोन कार्डांची खाच असेल तर फर्मवेअर पहिल्या कार्डावर आणि गेम दुसऱ्यावर ठेवा. फर्मवेअर बदलताना गेमना हात लावावा लागत नाही.

४. मॅकवरून कॉपी केलीत तर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या जोडफायली तयार होतात. यादीत प्रत्येक गेम दोनदा दिसतो आणि त्यातला एक उघडत नाही. त्या पुसून टाका.

गेम कुठून आणायचे? स्वतःकडच्या कॅसेट-डिस्कवरून, किंवा ज्या लेखकांनी आपले गेम मोफत वा विकत खुले केले आहेत त्यांच्याकडून. दोन्ही यंत्रांसाठी आजही नवे गेम लिहिले जातात. स्पेक्ट्रमचा रॉम (यंत्राचा मूळ अंगभूत प्रोग्रॅम) इम्युलेटरबरोबर वाटायला तेव्हाची हक्कदार कंपनी अ‍ॅम्स्ट्रॅडने परवानगी दिलेली आहे. ती परवानगी रॉमपुरती आहे, गेमना लागू होत नाही.

टप्पा २ : यंत्र रिकामं सुरू करून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढचा निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो.

रेट्रोआर्कमध्ये ‘लोड कोअर’मधून स्पेक्ट्रमसाठी फ्यूज निवडा, कोणताही गेम न देता ‘स्टार्ट कोअर’ दाबा. कमोडोरसाठी व्हाइसचा एक्स६४ निवडा. एक्स६४एससी अधिक अचूक आहे, पण प्रोसेसरवर ताण टाकतो. मियू मिनी प्लससारख्या यंत्रावर एक्स६४च ठेवा. दोन्ही कोअरमध्ये लागणारे रॉम आतच असतात, वेगळ्या बायोस फायली शोधत बसू नका.

तपासा: ४८के स्पेक्ट्रम सुरू झाला तर पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ची कॉपीराइट ओळ दिसते. कमोडोरच्या निळ्या पडद्यावर ३८९११ बेसिक बाइट्स मोकळ्या असल्याची ओळ आणि खाली ‘रेडी’. हे दिसलं म्हणजे कोअर ठीक आहे. यापुढे गेम चालला नाही तर दोष फाइलीत किंवा तुमच्या सेटिंगमध्ये. कोअर पुन्हा पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

टप्पा ३ : मॉडेल आणि ५० हर्ट्झ

गेम चालू असताना क्विक मेनू → कोअर ऑप्शन्स.

स्पेक्ट्रमसाठी मॉडेल ४८के ठेवा. १२८के हा ‘मोठा म्हणून चांगला’ असा प्रकार नाही. जुने काही गेम १२८ वर कोसळतात. उलट, १२८ साठी लिहिलेला गेम ४८ वर चढला तरी संगीत येत नाही, कारण एवाय-३-८९१२ ही आवाजाची चिप ४८के मध्ये नव्हतीच. तेव्हा मूळ मॉडेल ४८के, आणि ज्या गेमच्या नावात १२८ असेल त्याला त्याच्यापुरतं १२८के.

कमोडोरसाठी पाल मॉडेल (पाल ही युरोपातली टीव्हीची पद्धत, एनटीएससी अमेरिकेतली). पाल यंत्र सेकंदाला सुमारे ५० चौकटी दाखवतं, एनटीएससी सुमारे ६०. युरोपात लिहिलेला गेम एनटीएससीवर चालवला की संगीत घाईत वाजतं, पडद्यावर तुटक रेघा येतात, काही गेम उघडतच नाहीत.

आता एक मोह होणार आहे. हँडहेल्डचा पडदा ६० हर्ट्झचा, यंत्र ५० चं. त्यामुळे प्रत्येक पाच चौकटींमागे एक चौकट दोनदा दाखवली जाते आणि सरकणारं दृश्य किंचित अडखळतं. ते घालवण्यासाठी एनटीएससी करू नका. दुखणं डोळ्याला जरा जाणवण्यापुरतं आहे, उपाय मात्र गेमच मोडतो.

इशारा: मॉडेल बदलल्यावर गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जुन्या मॉडेलवर घेतलेली सेव्ह स्टेट (रेट्रोआर्कने जतन केलेली खेळाची त्या क्षणीची स्थिती) नव्या मॉडेलवर उघडू नका.

टप्पा ४ : फाइलीचा योग्य प्रकार

एकच गेम पाच प्रकारच्या फायलींत मिळतो आणि पाचही सारख्या नसतात.

स्पेक्ट्रमच्या बाजूला टॅप ही साध्या कॅसेटची नक्कल. टीझेडएक्समध्ये कॅसेटवरच्या सिग्नलचं तपशीलवार वर्णन असतं. स्पीडलॉकसारखं कॉपी-संरक्षण किंवा स्वतःचा खास लोडर (गेम आत ओढणारा छोटा प्रोग्रॅम) असलेल्या गेमला टीझेडएक्सच लागते. झेड८० आणि एसएनए हे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीचा फोटो. ते झटकन उघडतात म्हणून लोकांना आवडतात. पण गेम टप्प्याटप्प्याने कॅसेटवरून पुढचा भाग वाचणारा असेल, तर पहिली पातळी संपताच तो ‘कॅसेट सुरू करा’ म्हणतो. स्नॅपशॉटमध्ये कॅसेट नसतेच, त्यामुळे गेम तिथेच अडकतो. अशा गेमसाठी टॅप किंवा टीझेडएक्स घ्या आणि मधले टप्पे सेव्ह स्टेटने सांभाळा.

तपासा: ४८के एसएनए फाइल नेमकी ४९,१७९ बाइटची असते: २७ बाइटचं शीर्षक आणि ४९,१५२ बाइट मेमरी. आकार कमी असेल तर ती अर्धवट उतरलेली आहे.

कमोडोरकडे डी६४ ही १५४१ ड्राइव्हच्या डिस्कची प्रत. ३५ ट्रॅकची साधी डी६४ फाइल १,७४,८४८ बाइटची, त्रुटीच्या नोंदी असलेली १,७५,५३१ ची. मूळ डिस्कला संरक्षण असेल तर जी६४ लागते. पीआरजी म्हणजे एकच प्रोग्रॅम, सीआरटी म्हणजे कार्ट्रिज, ही दोन्ही सगळ्यात कमी त्रास देतात. टी६४ शक्यतो टाळा. त्यातल्या बऱ्याच फायलींच्या शीर्षकात शेवटचा पत्ता चुकीचा नोंदलेला असतो.

गेम दोन-तीन डिस्कांचा असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एक फाइल करा. तिच्यात प्रत्येक ओळीवर एका डिस्क-फाइलीचं पूर्ण नाव लिहा आणि ती एम३यू म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. गेम नेहमी या यादीवरून उघडा. डिस्क बदलायची वेळ आली की क्विक मेनू → डिस्क कंट्रोल: आधी इजेक्ट, मग पुढचा क्रमांक, मग इन्सर्ट. इजेक्ट न करता क्रमांक बदलायला गेलात तर गेमला डिस्क बदललेली कळत नाही.

इशारा: जे गेम डिस्कवर प्रगती लिहितात त्यांच्या फायली झिपमध्ये ठेवू नका. झिप तात्पुरत्या जागी उघडली जाते, लिहिलेलं तिथेच राहतं आणि पुढच्या वेळी गायब असतं.

टप्पा ५ : लोड करणं

बहुतेक वेळा फाइल निवडली की कोअर स्वतःच लोड करतो. नाही केलं तर हाताने करावं लागतं, आणि इथे स्पेक्ट्रमची एक खोड ठाऊक हवी. ४८के वर शब्द अक्षराअक्षराने टाइप होत नाहीत. चमकणारा ‘के’ कर्सर असताना जे ही एक कळ दाबली की लोड हा अख्खा शब्द उमटतो. एल पासून स्पेलिंग करायला गेलात तर पहिल्याच कळेला ‘लेट’ येईल. तेव्हा: जे, मग सिम्बॉल शिफ्टबरोबर पी दोनदा (दोन अवतरणचिन्हं), मग एंटर. १२८के मध्ये मेनूतला ‘टेप लोडर’ निवडून एंटर, बस.

पडद्याच्या कडांकडे बघा, तिथे सगळं कळतं. लाल-निळसर जाड पट्टे म्हणजे सुरुवातीचा सलग सूर ऐकू येतोय. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती आत येतेय. काहीच पट्टे नाहीत म्हणजे कॅसेट सुरूच नाही. अर्थात ‘टेप फास्ट लोड’ चालू असेल तर साध्या फायलींचे पट्टे दिसण्याआधीच काम उरकतं. तो पर्याय चालूच ठेवा, नाहीतर ४८के भरायला चार-साडेचार मिनिटं लागतात. टेप लोडिंग एररचा संदेश आला तर मात्र तो बंद करून एकदा पूर्ण वेळ देऊन बघा. खास लोडरच्या गेमना घाई चालत नाही.

कमोडोरवर हाताने लोड करायचं तर: लोड, अवतरणात तारा, स्वल्पविराम आठ, स्वल्पविराम एक, रिटर्न. ‘रेडी’ आल्यावर रन आणि रिटर्न. आठ हा ड्राइव्हचा क्रमांक. ‘प्रेस प्ले ऑन टेप’ आलं तर आठ टाकायचं राहिलंय. ‘डिव्हाइस नॉट प्रेझेंट’ आलं तर ड्राइव्ह बंद आहे. ‘फाइल नॉट फाउंड’ आलं तर डिस्क दुसरीच आहे. खरा १५४१ सेकंदाला जेमतेम तीन-चारशे बाइट द्यायचा, म्हणून ‘ऑटोलोड वॉर्प’ चालू करा. ‘ट्रू ड्राइव्ह एम्युलेशन’ (ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) मात्र बंद करू नका. वेग वाढेल, पण फास्टलोडर (डिस्क झटपट वाचणारा लोडर) वापरणारे गेम अर्ध्यावर लटकतील.

टप्पा ६ : जॉयस्टिक

स्पेक्ट्रमला मुळात जॉयस्टिकची जागाच नव्हती. त्यामुळे पद्धती अनेक झाल्या आणि गेमने निवडलेली व कोअरने दिलेली पद्धत जुळली नाही तर पात्र हलत नाही. क्विक मेनू → कंट्रोल्स → पोर्ट १ → डिव्हाइस टाइप इथे केम्पस्टन निवडा आणि गेमच्या मेनूतही केम्पस्टनच निवडा. बहुतेक गेमचं काम इथे संपतं. केम्पस्टन नसेल तर:

- कर्सर: ५ डावीकडे, ६ खाली, ७ वर, ८ उजवीकडे, ० फायर.
- सिंक्लेअर, पहिला संच: ६ डावीकडे, ७ उजवीकडे, ८ खाली, ९ वर, ० फायर.
- सिंक्लेअर, दुसरा संच: १ ते ५, त्याच क्रमाने.

दोघांतही अंक सलग आहेत म्हणून गल्लत होते. कर्सर आणि सिंक्लेअर यांत खाली-वर वेगळ्या कळांवर आहेत. पात्र उजवीकडे जाण्याऐवजी उडी मारत असेल तर पद्धत चुकली आहे, बटणं खराब नाहीत.

कमोडोरला दोन पोर्ट. बहुसंख्य गेम पोर्ट २ वापरतात, काही हट्टाने १. पोर्ट १ च्या तारा कळफलकाशी सामायिक आहेत, आणि त्यातूनच एक सोपी चाचणी मिळते: ‘रेडी’च्या पडद्यावर डी-पॅड उजवीकडे दाबा. २ उमटला तर तुम्ही पोर्ट १ वर आहात. काहीच उमटलं नाही तर पोर्ट २ वर.

कमोडोरच्या जॉयस्टिकला फायर एकच, आणि उडी म्हणजे ‘वर’. अंगठ्याने वर ढकलून तिरकी उडी मारणं छोट्या डी-पॅडवर जिकिरीचं. कोअर ऑप्शन्समध्ये एका बटणाला जॉयस्टिकचा ‘वर’ नेमून द्या, बी वर फायर, ए वर उडी. खेळण्यात सगळ्यात जास्त फरक या एका बदलाने पडतो.

टप्पा ७ : कळफलक

दोन्ही कोअरमध्ये सिलेक्ट दाबलं की पडद्यावर कळफलक येतो. डी-पॅडने कळ निवडा, बटणाने दाबा. तो येत नाही अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हे: फर्मवेअरने सिलेक्टलाच हॉटकी केलेलं असतं, म्हणजे सिलेक्ट आणि स्टार्ट मिळून गेम बंद वगैरे. अशा वेळी सिलेक्ट दाबून न धरता हलकेच टिचकी मारा. तरीही जमत नसेल तर सेटिंग्ज → इनपुट → हॉटकीज मध्ये हॉटकी मेनू बटणावर हलवा.

प्रत्येक वेळी कळफलक उघडणं कंटाळवाणं. नेहमी लागणाऱ्या चार-पाच कळा मोकळ्या बटणांवर बसवा. स्पेक्ट्रमसाठी एल१ वर ०, आर१ वर १, एल२ वर स्पेस, आर२ वर एंटर. कमोडोरसाठी स्टार्टवर एफ१, एल१ वर स्पेस, आर१ वर रन/स्टॉप, आर२ वर रिटर्न. मजकुरावर चालणाऱ्या साहसी गेमना मात्र हे पुरत नाही. तिथे ओटीजी केबलने खरा कळफलक जोडा.

इशारा: खरा कळफलक जोडल्यावर आधी ‘गेम फोकस’ चालू करा (नेहमीची कळ स्क्रोल लॉक). नाहीतर रेट्रोआर्क कळा स्वतःकडे ओढतो: पी ने गेम थांबतो, स्पेसने पळत सुटतो आणि एच ने यंत्र थेट रीसेट होतं.

टप्पा ८ : पडदा

फ्यूजमध्ये पूर्ण बॉर्डर ठेवली तर चित्र ३२० × २४० चं होतं. त्याची नेमकी दुप्पट म्हणजे ६४० × ४८०. इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू, बायलिनियर फिल्टर (कडा धूसर करणारा) बंद, आणि प्रत्येक ठिपका धारदार. बॉर्डर लपवली तर २५६ × १९२ चं अडीचपट करावं लागतं आणि अक्षरांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक दिसतात. बॉर्डर म्हणजे वाया गेलेली जागा असं वाटून ती कापणारे बरेच. या पडद्यांवर ती ठेवणंच बरं.

कमोडोरचं उलट. बॉर्डरसह पाल चित्र ३८४ × २७२ चं, दुप्पट केल्यावर पडद्याबाहेर जातं. क्रॉप मॅक्सिमम करा: ३२० × २०० ची दुप्पट ६४० × ४००, वर-खाली चाळीस ओळींच्या काळ्या पट्ट्या.

आवाज फाटत असेल तर पडद्याची सेटिंग ढवळू नका. एसआयडी (कमोडोरची आवाजाची चिप) इंजिन रीएसआयडीवरून फास्टएसआयडीवर न्या.

टप्पा ९ : सेटिंग जतन करणं

तीन वेगळ्या गोष्टी तीन ठिकाणी जतन होतात आणि एक केली म्हणजे बाकीच्या झाल्या असं नाही.

१. मॉडेल, टेप, क्रॉप: क्विक मेनू → कोअर ऑप्शन्स → मॅनेज कोअर ऑप्शन्स → सेव्ह गेम ऑप्शन्स.
२. बटणांची अदलाबदल आणि जॉयस्टिकचा प्रकार: क्विक मेनू → कंट्रोल्स → मॅनेज रीमॅप फाइल्स → सेव्ह गेम रीमॅप फाइल.
३. स्केल, फिल्टर: क्विक मेनू → ओव्हरराइड्स → सेव्ह कोअर ओव्हरराइड्स.

आधी सर्वसाधारण मांडणी कोअरसाठी, मग अपवाद गेमसाठी. एका गेमसाठी १२८के करून ते कोअरच्या नावे जतन झालं, तर बाकीचे सगळे ४८के गेम एका रात्रीत ‘बिघडतात’.

तपासा: गेम बंद करा, हँडहेल्ड पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करून तोच गेम उघडा. नुसतं झोपवून उठवणं ही चाचणी नव्हे.

सेव्ह स्टेट कोअरच्या आवृत्तीशी बांधलेली असते. फर्मवेअर अद्ययावत करण्याआधी गेममध्ये स्वतःची सेव्ह असेल तर ती करा आणि सेव्ह, स्टेट, कॉन्फिग ही फोल्डरं लॅपटॉपवर उतरवा.

एमएसएक्स आणि अमिगा

हे आणखी दोन जुने होम कॉम्प्युटर. एमएसएक्ससाठी ब्लूएमएसएक्स कोअरला सिस्टिम फोल्डरमध्ये ‘मशीन्स’ आणि ‘डेटाबेसेस’ ही दोन फोल्डरं लागतात. ती नसली तर काळा पडदा. कार्ट्रिजचे रॉम मग कन्सोलसारखे थेट चालतात.

अमिगाला किकस्टार्ट रॉम लागतो. तो अजून कॉपीराइटखाली आहे आणि क्लोअँटोच्या अमिगा फॉरएव्हर संचात रीतसर विकत मिळतो. ए५०० या अमिगाच्या मॉडेलसाठी आवृत्ती १.३, आकार २,६२,१४४ बाइट. रॉम नसेल तर पुए हा अमिगाचा कोअर एरोस या पर्यायी रॉमवर चालतो, पण त्यावर बरेच गेम अडतात. डिस्कची एडीएफ फाइल ९,०१,१२० बाइटची. स्वस्त हँडहेल्डवर सायकल-एक्झॅक्ट (यंत्राची अतिअचूक नक्कल) बंद ठेवा. माउसने खेळायचे गेम डी-पॅडवर खेळण्याच्या फंदात पडू नका, अ‍ॅनालॉग दांडी असलेलं यंत्र घ्या.